चौथ्या तासापर्यंत मॅडम

रांजणगाव एमआयडीसीच्या पलीकडं, शिरूरच्या अंगाला एक हायस्कूल आहे. तिथं गौतमी ओव्हाळला दोन नावांनी हाक मारली जायची. दुसऱ्या तासापासून चौथ्या तासापर्यंत ती ‘मॅडम’ असायची, कारण त्या वेळात ती दहावीच्या दोन्ही तुकड्यांना गणित शिकवायची. मधली सुट्टी झाली की ती ‘मावशी’ व्हायची, कारण घंटा तीच द्यायची, हेडसरांच्या टेबलावर पाण्याचा तांब्या तीच ठेवायची आणि सूचनेची वही घेऊन वर्गावर्गातून तीच फिरायची. पोरं मोठी हुशार. एकाच बाईला साडेबाराला काय म्हणायचं आणि दोन वाजता काय म्हणायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. शाळेत शिकलेलं बाकी सगळं विसरली तरी एवढं एक ती जन्मभर विसरणार नव्हती.

मस्टरवर तिचं पद होतं शिपाई. शिक्षण एम.एस्सी., बी.एड., विषय गणित. आणि गणित शिकवायला संस्थेनं ज्यांना नेमलं होतं त्या राजश्री मॅडम, संस्थेचे सचिव जयसिंगराव यांच्या सूनबाई. त्या पुण्यात खराडीला राहायच्या, कारण त्यांच्या मुलीसाठी त्यांना चांगली शाळा हवी होती. सासऱ्यांच्या मालकीच्या चार शाळा असताना मुलीसाठी चांगली शाळा शोधत चाळीस किलोमीटर लांब जाऊन राहावं लागतं, यात त्यांना किंवा जयसिंगरावांना कधी काही वावगं वाटलं नाही. सोमवारी आणि गुरुवारी त्यांची पांढरी गाडी फाटकातून आत यायची. आठवडाभराच्या सह्या व्हायच्या, चहा व्हायचा, हेडसरांकडून गावच्या चार गोष्टी ऐकून व्हायच्या. साडेतीनला गाडी परत.

गौतमीचे वडील गेणबा याच शाळेत एकतीस वर्षं शिपाई होते. जयसिंगरावांचे वडील बबनराव यांनी शाळा काढली आणि गेणबांना नोकरीला लावलं. त्या एका उपकारावर बबनरावांच्या घरची जनावरं, वाड्यासमोरचा मांडव आणि निवडणुकीतले सतरंज्या-बाक एकतीस वर्षं गेणबांनी सांभाळले. हे काम शाळेच्या नेमणूकपत्रात कुठं लिहिलेलं नव्हतं. गेणबा लेकीला एकच सांगायचे, “म्या जे केलं ते तुला करायला लागू नये. तू शिक. पार शेवटापर्यंत शिक.”

तिनं शेवटापर्यंत शिकून दाखवलं. दहावीला गणितात दीडशेपैकी एकशे सेहेचाळीस मार्क पडले, तेव्हा बबनरावांनी तिच्या गळ्यात हार घातला आणि माइकवरून सांगितलं, “आमच्या गेणबाची पोर हाय ही.” हार तिचा, पण कौतुक नेमकं कुणाचं झालं हे तिला त्या वयातही कळलं. पुढं शिरूरला बी.एस्सी., सकाळच्या एसटीनं जाऊन. मग पुण्याला मागासवर्गीय मुलींच्या वसतिगृहात राहून एम.एस्सी., मग बी.एड. परत येऊन ती शिरूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासांवर शिकवू लागली. तिला मुलगे पाहायला यायचे ते शिक्षण ऐकून खूश व्हायचे आणि ‘नोकरी अजून कायम नाही’ हे ऐकून चहा अर्धा ठेवून उठायचे. एकदोनदा झाल्यावर तिनं चहा अर्धाच द्यायला सुरुवात केली. नंतर पाहायला येणं थांबलं आणि तिनंही त्याचं दुःख केलं नाही.

ऑगस्टच्या एका सकाळी स्वातंत्र्यदिनासाठी बाक बाहेर काढता काढता गेणबा व्हरांड्यात कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. चौथ्या दिवशी जयसिंगराव घरी आले. ते वस्तीत सहसा येत नसत, निवडणूक सोडून. खुर्चीवर बसून ते गौतमीच्या आईला, पुतळाबाईंना म्हणाले, “गेणबा म्हंजी आमच्या घरचाच माणूस. त्याची जागा बाहेर जाऊ द्यायची न्हाई आमाला. अनुकंपा तत्त्वावर पोरीला घेऊन टाकू.”

पुतळाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. गौतमीनं विचारलं, “शिक्षिका म्हणून का?”

जयसिंगराव तिच्याकडं नीट बघत म्हणाले, “शिक्षकाची जागा आत्ता रिकामी न्हाई. रिकामी हाय ती गेणबाची. तू आधी आत तर ये. पुढच्या जूनला तुझी ऑर्डर काढतो.”

अशा रीतीनं सचिवपद बापाकडून मुलाकडं आलं आणि शिपाईपद बापाकडून मुलीकडं. वारसाहक्काची एवढी चोख व्यवस्था सातबाऱ्यावरही सापडायची नाही.

शंभू हा तिचा धाकटा भाऊ आयटीआय करून सणसवाडीला ठेकेदाराकडं लागला होता. सात महिने काम, मग ब्रेक, मग दुसरा ठेकेदार. त्याच्या मानानं शाळेची नोकरी पक्की होती. घर चालायला हवं होतं. तिनं सही केली.

जून आला आणि गेला. शिक्षकाची एक जागा मात्र खरोखर रिकामी झाली. गणिताचे जुने सर निवृत्त झाले, आणि पंधरा दिवसांत राजश्री मॅडमची नेमणूक झाली. मॅडमनी पदवी जिथून घेतली ते कॉलेज त्यांच्या मामांचं होतं, एवढंच त्या पदवीबद्दल सांगता येईल. दुसऱ्याच महिन्यात हेडसर नवनाथराव व्हरांड्यात गौतमीला गाठून म्हणाले, “अगं गौतमी, जरा दहावीवर बस. पोरं दंगा करत्यात. नुसती बस, शिकवू नको.”

ती नुसती बसली. फळ्यावर कुणीतरी एक गणित अर्धवट सोडलं होतं. पहिला दिवस तिनं ते नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी उठून पुरं केलं. त्यानंतर नऊ वर्षं ती त्या फळ्यासमोर उभी राहिली.

शिकवायची कशी, तर तिचं असं होतं की उत्तर येणाऱ्या पोराकडं ती बघायचीच नाही. ज्याच्या कपाळाला आठी पडली आहे त्याच्याकडं बघून बोलायची, आणि ती आठी जाईपर्यंत पुढं सरकायची नाही. आई चपात्या लाटणारी, बाप कंपनीच्या गेटवर बसणारा, अशा घरातली पोरं दहावीला गणितात ऐंशीच्या वर जायला लागली. रोजच्या पाठाचं टाचण तीच लिहायची आणि सोमवारी राजश्री मॅडम त्याखाली सही करायच्या. प्रत्येक मे महिन्यात जयसिंगराव म्हणायचे, “ह्या जूनला काढतोच.” मधे एकदा सरकारची शिक्षक भरतीची परीक्षा आली. पात्रता परीक्षा तिनं आधीच पास केली होती. तिनं रजा मागितली तर हेडसर म्हणाले, “दहावीची उजळणी चाललीय आन् तू रजा मागती? आन् तुला काय गरज, तुझी ऑर्डर तर इथंच निघायचीय.” तिनं ऐकलं. पुढं तिला जयसिंगरावांचा जेवढा तिटकारा आला, त्याहून जास्त त्या दिवशीच्या स्वतःचा आला. गणितात एम.एस्सी. झालेल्या बाईला नऊ जून मोजता येऊ नयेत, याला ती दुसऱ्या कुणाला जबाबदार धरू शकत नव्हती.

नऊ वर्षं झाल्यावर एका प्रतिष्ठानानं राजश्री मॅडमना आदर्श शिक्षिका पुरस्कार जाहीर केला. प्रस्ताव करायचा होता. हेडसरांनी कोरे कागद गौतमीपुढं ठेवले. “तुझं मराठी चांगलं हाय. नऊ वर्षांचे निकाल टाक, अध्यापनाचे वेगळे प्रयोग टाक. आन् मॅडमला तिथं बोलायला दोन पानं मनोगत लिहून दे.”

“प्रयोग कुणाचे टाकू, सर?”

“आता तुला सांगायला लागतंय का?”

तिनं लिहिलं. का लिहिलं, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं. बहुधा आपण काय केलं हे एकदा कुठंतरी नीट लिहिलं जावं एवढीच हौस होती, मग नाव कुणाचंही असो.

समारंभ शिरूरच्या एका मंगल कार्यालयात, गुरुवारी. खुर्च्या भरायला संस्थेनं टेंपो करून पालक आणि दहावीची पोरं आणली होती. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, त्यामुळं पालक मिळाले. गौतमीला स्टेजच्या कडेला उभं केलं होतं, नारळ, शाली आणि गुच्छ पुढं द्यायला. प्रमुख पाहुणे अर्धा तास बोलले. शिक्षणामुळं आता गरीब-श्रीमंत असा भेदच उरलेला नाही, ज्याच्यात गुण आहे तो वर येतोच, आणि जो वर येत नाही त्यानं स्वतःकडं बघावं, असं त्यांचं म्हणणं होतं. हे सांगत असताना त्यांनी हात मागं केला. गौतमीनं त्या हातात पाण्याची बाटली दिली. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. जयसिंगराव म्हणाले, “आमच्या संस्थेत आमी जातपात बघितली न्हाई, नातंगोतं बघितलं न्हाई. सूनबाई हाय म्हणून न्हाई, तिनं कष्ट केलं म्हणून हा दिवस दिसला.”

मग राजश्री मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. त्यांनी वाचलं मात्र झकास. आवाज स्वच्छ, कुठं थांबायचं ते ठाऊक, दुसऱ्याचं लिहिलेलं स्वतःचं म्हणून वाचायला लागतो तो आत्मविश्वास भरपूर. “उत्तर येणाऱ्या मुलाकडं पाहून शिकवणं सोपं असतं. मी ज्याच्या कपाळाला आठी आहे त्याच्याकडं पाहून शिकवते.” टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी मान डोलावली.

टाळ्या थांबल्या आणि तिसऱ्या रांगेतून गिताबाईचा आवाज आला. गिताबाई रांजणगावला एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला. मशिनच्या आवाजात बोलून बोलून तिला हळू बोलता येत नव्हतं. तिची मुलगी ऋतिका दहावी ब मध्ये. गिताबाई लेकीला विचारत होती, पण ऐकू सगळ्यांना गेलं.

“ह्या बाई कोण गं? तुला तर गणित गौतमी मॅडम शिकवत्यात ना?”

ऋतिकानं आईचा हात दाबला. गिताबाईला ते कळलं नाही. “मग बक्षीस ह्यांला कशापायी? त्या बघ तिकडं शाली धरून हुब्या हायत.”

मागच्या दोन रांगांतली पोरं हसली. मग पालकांतले काही हसले. राजश्री मॅडमनी दुसरं पान शोधायला सुरुवात केली आणि ते त्यांच्या हातातच होतं. जयसिंगरावांनी हसरा चेहरा तसाच ठेवून हेडसरांकडं बघितलं. हेडसरांनी गौतमीकडं बघितलं. गौतमी शालीची घडी नीट करत होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिला मनापासून हसू येत होतं आणि ते दाबायला काहीतरी करायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी तिला आत बोलावलं. खुर्ची दिली नाही, पण खुर्ची ते कधीच देत नसत.

“चार दिवस वर्गावर जाऊ नको. वातावरण निवळू दे.”

“बरं,” गौतमी म्हणाली.

पाचव्या दिवशी हेडसरांनी खडूची पेटी तिच्यापुढं सरकवली. “जा, आजपासून. परीक्षा तीन महिन्यांवर आलीय.”

“लेखी द्या, सर.”

“काय?”

“शिपाई गौतमी ओव्हाळ यांनी दहावीला गणित शिकवावं, असं लेखी द्या. खाली सही आन् शिक्का.”

हेडसर तिच्याकडं बघत राहिले. नोकरीत चहा आणणाऱ्या माणसानं लेखी मागितल्याचा त्यांना अनुभव नव्हता. “डोकं ठिकाणावर हाय का तुझं? असं लेखी देत असत्यात का?”

“मग असं शिकवत असत्यात का?” ती म्हणाली आणि तांब्या भरायला गेली.

त्यानंतर तिनं शिपायाचं काम असं केलं की त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. घंटा मिनिटाला. व्हरांडा आरशासारखा. टाचण लिहिणं बंद, निकालपत्रकं भरणं बंद, अर्जांची भाषा सुधारून देणं बंद. आठवड्याभरात ऑफिसात कागदांचा ढीग लागला आणि शाळा नक्की कोण चालवत होतं हे सगळ्यांना दिसलं, फक्त कुणी बोललं नाही. राजश्री मॅडमना आता रोज यावं लागलं. भूमितीच्या एका प्रमेयापाशी त्यांनी पुस्तक मिटलं आणि सांगितलं, “हे परीक्षेला येत नाही.” ते गेली तीन वर्षं सलग आलं होतं.

एक दिवस ऋतिका नळापाशी आली. गौतमी पिंप भरत होती. पोरगी म्हणाली, “मावशी...” मग थांबली, लाल झाली. “मॅडम. भूमिती सगळी राहिलीय आमची. आई म्हणती, माझ्यामुळंच झालं.”

“तुझ्या आईमुळं काही झालं न्हाई. तिनं खरं इचारलं.”

“पण नापास आम्ही होणार.”

गौतमीनं नळ बंद केला. जयसिंगरावांची सून नापास होणार नव्हती, हेडसर होणार नव्हते. त्यांच्यावरचा राग ज्यांच्या अंगावर निघत होता ती पोरं गिताबाईची होती, शंभूसारख्यांची होती. घरी जाताना ती स्वतःवर चिडलेली होती.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहा वाजता वस्तीतल्या समाजमंदिरात तिनं वर्ग घ्यायला सुरुवात केली. फी नाही, नावनोंदणी नाही. पहिल्या दिवशी पाच पोरं, पंधरवड्यात बावीस. यातली सात गावातल्या बागायतदारांच्या घरची. ज्या घरांतली माणसं वस्तीतून जाताना गाडीची काचही खाली करत नव्हती, त्या घरांतल्या आया आता पोरांना समाजमंदिराच्या पायरीपर्यंत सोडायला येत होत्या. पुतळाबाई पोरांना पाणी द्यायच्या आणि पोरं प्यायची. दहावीचं गणित अवघड असतं. त्यापुढं बाकीचे नियम सैल होतात.

फेब्रुवारीत नोटीस आली. अनुदानित शाळेतला कर्मचारी असताना खाजगी शिकवणी घेतल्याबद्दल कारणे दाखवा. शाळेच्या नोटिसा एरवी तीच लिहायची. ही हेडसरांनी स्वतः लिहिली असल्यानं दीड पानात अकरा चुका होत्या, ‘शिस्तभंग’सुद्धा चुकलेला. तिनं लाल पेनानं चुका दुरुस्त केल्या आणि नोटिशीची ती प्रत उत्तराला जोडून दिली. उत्तर चारच ओळींचं होतं. शिपायानं शिकवू नये हे मला पूर्ण मान्य आहे. मी हे नऊ वर्षं कुणाच्या सांगण्यावरून केलं याची चौकशी व्हावी. सोबत टाचणाच्या वह्यांच्या छायाप्रती जोडल्या आहेत, त्यातलं अक्षर माझं आहे आणि खालच्या सह्या कुणाच्या आहेत त्या ओळखाव्यात. एक प्रत शिक्षण खात्याकडं.

हे उत्तर वाचून जयसिंगरावांनी तिला घरी बोलावलं. ती गेली नाही. मग ते शाळेत आले.

“गौतमी, तुझ्या बापानं कवा मान वर करून बघितलं नव्हतं माझ्याकडं.”

“म्हणूनच ते शिपाई म्हणून गेले, साहेब.”

“आन् तू काय म्हणून जाणार हाईस?”

“ते अजून ठरायचंय.”

ऑफिसात बसलेला क्लार्क खाली मान घालून कीबोर्डवर काहीतरी बडवत राहिला. कॉम्प्युटर बंद होता.

खात्याचे एक साहेब चौकशीला आले. सकाळी अकराला गाडीतून उतरले, वह्या बघितल्या, “अक्षर सुंदर आहे हो,” असं म्हणाले आणि जयसिंगरावांच्या घरी जेवायला गेले. गौतमीशी ते एकूण सहा मिनिटं बोलले. अहवालात आलं की सदर प्रकार समन्वयाच्या अभावातून घडला असून त्यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता. कुणाचाही म्हणजे तिचाही. तेवढी एक सवलत तिला मिळाली. जूनमध्ये, प्रशासकीय कारणास्तव, तिची बदली संस्थेच्या दौंड तालुक्यातल्या शाखेत झाली, वरवंडच्या जवळ. घरून निघून न्हावरा, चौफुला, पुढं मिळेल ते वाहन, असा एका बाजूचा सव्वादोन तासांचा रस्ता.

त्याच आठवड्यात दहावीचा निकाल लागला. समाजमंदिरातली बावीसच्या बावीस पोरं गणितात पास. ऋतिकाला शंभरात त्र्याण्णव. बदलीच्या पहिल्या दिवशी गौतमी एसटीची वाट बघत फाट्यावर उभी होती, तेव्हा तिच्या डोक्यावर बारा फुटी फ्लेक्स लागला होता. बावीस पोरांचे छोटे छोटे फोटो, मधोमध हात जोडून राजश्री मॅडम, आणि खाली ‘यशाची परंपरा कायम’. गिताबाई कंपनीच्या बससाठी तिथंच उभी होती. तिनं फ्लेक्स बघितला, गौतमीकडं बघितलं आणि तोंडातलं पान रस्त्याच्या कडेला थुंकून टाकलं. बस आली.

नव्या शाळेतले हेडसर सावळाराम सर साधे गृहस्थ होते, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. तिसऱ्याच दिवशी ते हळूच म्हणाले, “बाई, तुमच्याबद्दल ऐकलंय. आमच्याकडं दीड वर्ष गणिताला माणूस न्हाई. नववी-दहावी घ्याल का?”

“लेखी द्या, सर. लगेच घेते.”

सावळाराम सरांनी कपाळ चोळलं. “लेखी दिलं तर मला पेन्शन मिळायची न्हाई, बाई.”

“मग न्हाई जमणार.”

“पोरांकडं बघून तरी.”

“पोरांकडं बघूनच नऊ वर्षं गेली, सर. आता संस्थेला बघू द्या. तुम्ही माणूस मागा त्यांच्याकडं.”

त्यांनी मागितला. उत्तर आलं नाही. त्या शाळेतली पोरं व्हरांड्यातून तिच्याकडं बघायची आणि तिला ते लागायचं. दोनदा तिचा हात फळ्याकडं गेलाही. पण तिनं तो मागं घेतला. सगळ्यांनी मिळून तिच्या चांगुलपणाचा नांगराच्या बैलासारखा वापर केला होता, आणि बैलानं एकदा बसून घेतल्याशिवाय मालकाला त्याची किंमत कळत नाही, असं तिचं मत झालं होतं. मालकाला ती तरीही कळली नाही, हे खरं. पण बसून घेतल्यानं तिला वेळ मिळाला. स्टुलावर बसून ती शिक्षक भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करू लागली. एसटीत करायची, चौफुल्यावर गाडीची वाट बघताना करायची. या वेळी परीक्षेला तिनं रजा मागितली नाही, रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि गेली.

परीक्षा कॉम्प्युटरवर होती. कॉम्प्युटरनं तिला बाप कोण हे विचारलं नाही, कुणाचे मामा कोण हेही विचारलं नाही. दोनशेपैकी एकशे एकसष्ट आले. सरकारी कामाला लागतो तेवढा वेळ लागला, एक वर्षाच्या वर. मग यादी आली आणि तिच्या नावापुढं जिल्हा परिषदेची एक शाळा आली, दौंड तालुक्यातच, भीमेच्या काठाला. सहावी ते आठवी, गणित आणि विज्ञान. मुलाखत नव्हती. तिच्या वयाच्या चाळिसाव्या वर्षी तिला ते काम करायची परवानगी मिळाली, जे ती अठ्ठाविसाव्या वर्षापासून करत होती.

राजीनामा द्यायला ती जयसिंगरावांच्या ऑफिसात गेली. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला. चेहऱ्यावर खरोखरचं वाईट वाटलेलं होतं, हे विशेष.

“घाई केलीस बघ. ह्या जूनला काढणारच होतो मी तुझी ऑर्डर.”

“पोचपावती द्या, साहेब,” ती म्हणाली.

तिनं नव्या शाळेच्या गावात खोली घेतली. आईला बरोबर चल म्हणाली, पण पुतळाबाई वस्ती सोडायला तयार नव्हत्या. महिन्याभरानं दुपारी त्यांचा फोन आला. गौतमी वर्गात सहावीच्या वह्या तपासत बसली होती.

“अगं, तुझा सत्कार झाला आज.”

“माझा? कुठं?”

“शाळंत. मोठा फ्लेक लावलाय फाट्याला. ‘आमच्या संस्थेने घडवलेली गुणवंत कन्या’ म्हणून. तुझा तो फॉर्मवरचा फोटू टाकलाय.”

“मला तर बोलावणं न्हाई आलं.”

“मलाबी न्हाई. गिताबाईनं सांगितलं, तवा गेले. मागं हुबी राहून बघितलं.” पुतळाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “जयसिंगराव लई बोलले. गेणबाचं नाव घेतलं. म्हनले, शिपायाची लेक मास्तरीण झाली, ही आमच्या संस्थेची पुण्याई.”

“आन् मी न्हवते तर सत्कार केला कुणाचा?”

“राजश्री बाई गेल्या की स्टेजवर. तुझ्या वतीनं. नारळ दिला त्यांला, शाल पांघरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.”

गौतमीनं हातातल्या वहीवर सही करून ती बाजूला ठेवली. पुतळाबाईंना वाटलं फोन कट झाला.

“हाईस का?”

“हाय. शाल कुठंय मग?”

“त्याच घेऊन गेल्या गाडीतनं,” पुतळाबाई म्हणाल्या. “चांगली जाड होती गं.”

गौतमी हसायला लागली. वर्गातली पोरं वर बघायला लागली, तशी ती फोन घेऊन दाराबाहेर गेली आणि तिथं उभी राहून पोटभर हसली. मग आईला म्हणाली, रविवारी येते, आणि आत येऊन राहिलेल्या वह्या तपासायला बसली.